यजमान, पाहुणा आणि काकांचं लाँगबुक

२०१६ च्या मे महिन्यात माझा संगणक रोज दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडू लागला. नागपूरचा मे, बाहेर ४५ अंश. खिडकीत कूलर होता, पण त्याचं वारं माझ्यापर्यंत यायचं, टेबलाखालच्या डब्यापर्यंत नाही. संध्याकाळी सात वाजले की तोच संगणक मुकाट चालू व्हायचा. मी दुपारी झोपायची आणि रात्री काम करायची, असं तीन आठवडे चाललं होतं.

प्रताप नगरात त्रिमूर्ती नगरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, शाळांचे वार्षिकांक, पतसंस्थांचे अहवाल, मराठीतले पीएच.डी.चे प्रबंध. हे काम माझ्या बाबांचं. ते मूळचे जुळारी. महालातल्या एका छापखान्यात त्यांनी २२ वर्षं खिळे जुळवले. छापखान्यातून खिळे गेले तेव्हा पन्नाशीला टेकलेले बाबा माऊस धरायला शिकले. २००४ साली त्यांनी हा संगणक घेतला. त्यात विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर होतं. त्या सॉफ्टवेअरबरोबर बोटाच्या पेराएवढं एक यूएसबी लॉक आलं होतं. लॉक लावलं नाही तर मराठी उमटत नाही. धंद्यातल्या प्रत्येकाला ते लॉक माहीत आहे. ते हरवू नये म्हणून बाबांनी त्याला लाल दोरा बांधला होता. बाबा २०१३ मध्ये गेले. दोरा अजून तसाच आहे.

नवा संगणक घेण्याइतके पैसे नव्हते असं नाही. अडचण वेगळी होती. नव्या ६४ बिटच्या विंडोजवर त्या लॉकचा ड्रायव्हर बसत नव्हता. टायपिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली तर तिच्या फाँटची आतली मांडणी बदललेली, म्हणजे बाबांच्या जुन्या फाइलींमध्ये 'क'च्या जागी भलतंच काही दिसणार. पेजमेकरही तिथेच थांबलेलं. आल्डस कंपनीने ते १९८५ मध्ये आणलं, १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस घेतली, आणि २००१ ची ७ वी आवृत्ती ही शेवटची ठरली. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. एकमेकांच्या आधाराने उभ्या असलेल्या चार जुन्या वस्तू, आणि त्यातली एक काढली की बाकीच्या तिन्ही निरुपयोगी.

त्या डब्यात बाबांचं एक काम होतं. वऱ्हाडी शब्द आणि म्हणींचा संग्रह, पेजमेकरमध्ये मांडलेली ४१२ पानं. छापखान्यातून आल्यावर रात्री जेवण झालं की ते तासभर त्याला बसायचे. पुस्तक छापायचं राहून गेलं. शेवटच्या काही वर्षांत त्यांनी प्रिंटसुद्धा काढली नव्हती, कारण रोज काहीतरी भर पडायची.

काका आमच्या मागच्या गल्लीतले. आमची गच्ची आणि त्यांची गच्ची पाठीला पाठ लावून. एका सरकारी कार्यालयाच्या संगणक कक्षात देखभालीचं काम करून निवृत्त झालेले. २०१४ मध्ये ते इथे राहायला आले, म्हणजे बाबांना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या मे महिन्यात ते गृहनिर्माण संस्थेच्या सभेची सूचना टाइप करून घ्यायला आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत संगणक बंद पडला. ते खाली वाकले, डब्याला हात लावला.

"रोजच होऊन राहिलं का हे?"

"रोज दुपारी, काका."

"उघडू का?"

स्क्रू काढून त्यांनी मला मदरबोर्डवरचे कपॅसिटर दाखवले. तिघांची डोकी फुगली होती. "हे आता महिना-दोन महिन्यांचं पाहुणं आहे बेटा. बदलवून टाक." मी लॉक दाखवलं, फाँटचं सांगितलं, बाबांच्या फाइलीचं सांगितलं. त्यांनी मधे एकही शब्द न बोलता सगळं ऐकून घेतलं. सूचनेचा कागद तसाच टेबलावर ठेवून ते घरी गेले आणि एक लाँगबुक घेऊन परत आले. खाकी पुठ्ठ्याचं, २०० पानी. पट्टीने पाच रकाने आखले : तारीख, यजमान, पाहुणा, काय बदललं, काय झालं.

व्हर्च्युअल मशीन हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. इंग्रजीतही बाहेरच्या संगणकाला होस्ट आणि आतल्याला गेस्ट म्हणतात, काकांनी सरळ यजमान आणि पाहुणा करून टाकलं. नव्या संगणकात एक सॉफ्टवेअर बसवायचं, ते एका खोट्या संगणकाचा देखावा उभा करतं : खोटी डिस्क, खोटा पडदा, खोटं यूएसबीचं भोक. त्या देखाव्याच्या आत जुनं विंडोज चालतं. "पाहुण्याले समजलंच नाई पायजे का आपण दुसऱ्याच्या घरी आहो," काका म्हणाले. "त्याले २००४ सालच वाटलं पायजे."

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच एका मोठ्या यंत्रावर अनेक यंत्रांचा भास निर्माण करून दाखवला होता. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी कुठल्या प्रोसेसरवर असा भास बिनचूक उभा राहू शकतो याच्या अटी मांडल्या. आपल्या घराघरांतल्या पीसीचा प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हता. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अवघड आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती वापरून ते पीसीवर आणलं. आम्ही वापरलं ते व्हर्च्युअलबॉक्स. जर्मनीतल्या इनोटेक कंपनीने २००७ मध्ये त्याचा मूळ कोड खुला केला. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे गेलं. हे सगळं मला काकांनी सांगितलं, आणि सांगताना त्या माणसांबद्दल त्यांच्या आवाजात आदर असायचा. ज्यांनी हे लिहून जगासाठी मोकळं ठेवलं त्यांचं माझ्या घरावर ऋण आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आज कळतं.

१९ मे २०१६ च्या रात्री आम्ही डिस्कची प्रत काढली. अकरा वाजता, हवा जरा उतरल्यावर. डबा उघडा, समोर टेबलफॅन. सिसइंटर्नल्सच्या डिस्क टू व्हीएचडी नावाच्या छोट्या प्रोग्रामने चालू असलेल्या विंडोजची जशीच्या तशी प्रत एका फाइलीत उतरते. तीन तास लागले. काका तेवढा वेळ खुर्चीत बसून होते. मी दोनदा म्हटलं, काका, तुम्ही जा, झालं की मी फोन करते. ते म्हणाले, "मधातच बंद पडलं तर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बर्डीच्या बाजारातून एक जुना पण धडधाकट संगणक आणवला. त्यावर ६४ बिटचं विंडोज ७ होतं, त्यात व्हर्च्युअलबॉक्स ५.० बसवलं, ती प्रत जोडली आणि चालू केलं. एक्सपीची पट्टी दोनदा सरकली आणि निळा पडदा. खाली एक लांब आकडा, शेवटी ७बी. मला रडू फुटलं. काकांनी चष्मा पुसला, आकडा लाँगबुकात लिहून घेतला आणि म्हणाले, "७बी. म्हणजे डिस्कच्या दारापर्यंत गेलं, आतमध्ये जाता आलं नाई."

ते खरंच तसं होतं. डिस्क जोडायला पाहुण्याला खोटा साटा कंट्रोलर दिला होता, आणि २००४ च्या एक्सपीला साटा ठाऊक नव्हतं. आयडीई कंट्रोलर दिला, तरी तोच निळा पडदा. कारण बाबांच्या एक्सपीत फक्त त्या जुन्या मदरबोर्डच्याच चिपचा आयडीई ड्रायव्हर नोंदलेला होता, सर्वसाधारण आयडीईचा नव्हता. त्यावर मर्जआयडीई नावाचा उपाय आहे. मरत चाललेल्या मूळ यंत्रातच रजिस्ट्रीमध्ये त्या नोंदी घालायच्या आणि मग पुन्हा प्रत काढायची. म्हणजे आणखी एक रात्र, पुन्हा टेबलफॅन, पुन्हा तीन तास. २२ तारखेच्या पहाटे पाहुणा जागा झाला. बाबांनी ठेवलेलं अंबाझरी तलावाचं चित्र पडद्यावर आलं. रंग फिके होते आणि अक्षरं मोठाली, कारण पडद्याचा ड्रायव्हर नव्हता. पण ते आलं.

त्या महिन्यात काकांनी जे शिकवलं ते मी आजही तसंच करते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलण्याआधी काय होतं ते लिहायचं. चूक दिसली की आधी पडद्यावरचं वाक्य अक्षर न अक्षर उतरवून घ्यायचं, अर्थ नंतर लावायचा. माझी सवय उलट होती. मी घाबरून चार बटणं दाबायची आणि मग त्यातल्या कशामुळे बिघडलं, कशामुळे सुधारलं, काहीच हाती राहायचं नाही.

पाहुण्याच्या आत गेस्ट ॲडिशन्स नावाचा एक संच बसवावा लागतो. त्याने पडदा नीट दिसतो, माऊस मोकळा फिरतो, दोन्ही बाजूंना सामायिक फोल्डर मिळतो. यजमानाकडची आवृत्ती आणि पाहुण्याकडच्या या संचाची आवृत्ती जुळलेली हवी. बाहेरचं बदललं आणि आतलं राहिलं की विचित्र दुखणी सुरू होतात. सामायिक फोल्डर दिसतो पण उघडत नाही, पडदा मध्येच काळा पडतो. लाँगबुकात म्हणून यजमान आणि पाहुणा हे दोन वेगळे रकाने होते. दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी दिसले की अर्धं निदान तिथेच व्हायचं.

लॉकच्या वेळची एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. यूएसबी २ ची सोय त्या वेळी व्हर्च्युअलबॉक्सच्या मूळ भागात नव्हती. ती एक्स्टेंशन पॅक नावाच्या वेगळ्या जोडणीत होती, आणि ती जोडणी फुकट मिळायची ती वैयक्तिक वापरासाठी. मी म्हटलं, काका, कोण पाहायला येतंय, टाकून द्या. त्यांनी मान हलवली. "तू याच्यावर पैसे कमावते. मंग हा धंदा झाला." मूळ भागात यूएसबी १.१ होतं. लॉकला कुठे वेग लागतो? त्याला फक्त 'आहे' एवढंच सांगायचं असतं. काकांनी १.१ वरच ठेवलं, लॉकसाठी फिल्टर लावला, म्हणजे लॉक खोचलं की ते यजमानाने न घेता थेट पाहुण्याच्या हातात जावं. लाल दोऱ्याचं लॉक लुकलुकलं आणि मी पहिलं अक्षर टाइप केलं. एक्सपी म्हणालं की हे यंत्र मला ओळखीचं वाटत नाही, तीन दिवसांत पुन्हा नोंदणी करा. बाबांनी एक्सपी डब्यासकट विकत घेतलं होतं, बिलही फाइलीला लावलेलं. सहा-सहाच्या गटातले आकडे मी फोनवर वाचले, तेही झालं. बिल जपून ठेवणारे बाबा आणि परवाना वाचणारे काका, दोघे कधी भेटले नाहीत याचं मला वाईट वाटतं.

पाहुण्याला इंटरनेट मात्र काकांनी दिलं नाही. ज्या विंडोजच्या दुरुस्त्या थांबल्या आहेत त्याने बाहेरच्या जगात हिंडू नये. खोटी नेटवर्क केबल त्यांनी पहिल्या दिवशीच काढून ठेवली.

साडेतीन वर्षं निर्वेध गेली. ५.० वरून ५.१, मग ५.२. प्रत्येक वेळी काका यायचे, आधी पाहुणा पूर्ण शटडाऊन करायचे, मग डिस्कच्या फाइलीची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर, मग बदल. स्नॅपशॉट घ्यायला त्यांचा विरोध होता. स्नॅपशॉटमध्ये प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्यावर टेकलेला असतो, एक हरवला तर वरचे सगळे गेले. मला पैशाचं पाकीट पुढे करायची एकदाच हिंमत झाली. त्यांनी ते घेतलं नाही, रागावलेही नाहीत. काकूंना आमच्याकडची सांबारवडी आवडायची, ती मात्र मोकळेपणाने जायची आणि रिकामा डबा कधी रिकामा परत यायचा नाही.

२०२० च्या जानेवारीत मी चूक केली. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला छापायला जायची होती. रात्री साडेनऊ. शेवटची दोन पानं चालू असताना जेवायला उठले आणि पाहुणा शटडाऊन न करता 'स्थिती जपा' वर ठेवला, म्हणजे त्याची स्मृती होती तशी गोठवून. जेवून आले तर यजमानाच्या पडद्यावर नव्या आवृत्तीची सूचना होती. गेला महिनाभर ती येत होती. का कोण जाणे, त्या रात्री मी 'हो' म्हटलं. नवी ६.१ आवृत्ती बसली आणि पाहुणा उघडेना. घाबरले, आणि जुनी सवय वर आली. सेटिंगमध्ये जाऊन काही बदल केले, ते जपले, पुन्हा प्रयत्न केला. मग ६.१ काढून ५.२ परत बसवलं. आता तर ५.२ ला सेटिंगची फाइलच वाचता येईना.

दहा वाजता काकांना फोन केला. कानटोपी आणि स्वेटर घालून आले. ओरडले नाहीत. "काय काय केलं ते क्रमानं सांग. सगळं सांग." मी सांगत गेले, ते लिहीत गेले. पान भरलं तेव्हा गुंता आपोआप तीन वेगवेगळ्या गाठींत मोकळा झाला. पहिली गाठ : व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय असणं सक्तीचं झालं होतं. इंटेलने ती २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आणली, पण नंतरच्या कितीतरी स्वस्त चिपांमध्ये ती नसायची, आणि बर्डीवरच्या आमच्या त्या संगणकात ती नव्हती. त्याआधीच्या आवृत्त्यांत हे काम सॉफ्टवेअर स्वतः करून घेत असे. म्हणून तोवर चाललं. दुसरी : नव्या आवृत्तीत बदल करून मी सेटिंगची फाइल नव्या रूपात जपली होती, ती जुन्या आवृत्तीला कळत नव्हती. तिसरी : गोठवलेली स्मृती. ती एका आवृत्तीची दुसरीला बहुधा उघडत नाही, म्हणूनच शटडाऊन केल्याशिवाय आवृत्ती बदलायची नसते.

"डिस्क शाबूत आहे ना? मंग काही बिघडलं नाई," ते म्हणाले. ५.२ मध्ये एक कोरं व्हर्च्युअल मशीन बनवलं, लाँगबुकातलं १९ ते २२ मे चं पान उघडून तेच आकडे, तोच आयडीई कंट्रोलर, तोच लॉकचा फिल्टर एकेक करून भरला आणि जुनी डिस्कची फाइल त्याला जोडली. गोठवलेली स्मृती सोडून दिली. म्हणजे चालू संगणकाची वायर ओढल्यासारखंच ते. एक्सपीने डिस्क तपासली आणि उघडलं. न जपलेली दोन पानं गेली. पहाटे दोन वाजेपर्यंत मी ती पुन्हा टाइप केली, काका शेजारी बसून मजकूर वाचून दाखवत होते. स्मरणिका दहाला गेली.

तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, काका, तुम्ही माझ्यासाठी एवढं का करता? ते क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "कुठं बंद मशीन पडून आहे हे माहीत असलं का मले झोप नाई लागत." मला याहून मोठं काही उत्तर हवं होतं बहुतेक. पण त्यांच्याकडे ते नव्हतं, आणि आता मला वाटतं की तेच पूर्ण उत्तर होतं.

मार्चच्या सुरुवातीला मी नवा संगणक आणला, विंडोज १० चा. महिना संपायच्या आत टाळेबंदी लागली. काका पंचाहत्तरीचे, घराबाहेर पडणं बंद. मग संध्याकाळी ते त्यांच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे, मी लांब एक्स्टेंशन वायर ओढून संगणकच आमच्या गच्चीच्या दारात आणला होता. मध्ये दोन पाण्याच्या टाक्या आणि कपडे वाळत घालायची तार. आम्ही एकमेकांना पाहत फोनवर बोलायचो.

नव्या संगणकावर पाहुणा चालू करताना पहिला निरोप आला की बायोसमध्ये व्हीटी-एक्स बंद आहे. ते चालू केलं. पाहुणा उघडला, पण इतका मंद की एक शब्द टाइप केला की तीन श्वासांनी तो उमटायचा. मी पडद्यावरचं एकेक चिन्ह सांगत होते. "काका, खाली उजव्या कोपऱ्यात एक हिरवं कासव दिसतं."

पलीकडे काका खुर्चीतून उठून उभे राहिलेले मला दिसले. "कासव? बरोबर पाहिलंस ना? मंग सापडलं."

विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं हायपर-व्ही असतं. काही सोयी चालू केल्या, किंवा सुरक्षेतलं मेमरी इंटेग्रिटी चालू असलं, की प्रोसेसरची ती खास सोय हायपर-व्ही आधीच ताब्यात घेऊन बसतं. मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या पाठीवरून काम करावं लागतं आणि ते वापरणाऱ्याला कळावं म्हणून कासव दाखवतात. एका म्यानात दोन तलवारी. उपाय सोपा होता, पण काकांनी तो लगेच करू दिला नाही. मेमरी इंटेग्रिटी ही संरक्षणाची गोष्ट, ती कामाच्या सोयीसाठी बंद करावी का यावर ते एक दिवस विचार करत राहिले. दुसऱ्या संध्याकाळी निर्णय सांगितला : बंद करायची, पण मग या संगणकावर मेल नाही, बँक नाही, कुणाचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय नाही. ते मी आजपर्यंत पाळलं आहे. संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्यावर कोपऱ्यातलं कासव गेलं. लाँगबुक माझ्याकडे होतं, म्हणून ती नोंद माझ्या अक्षरात आहे. पहिली.

त्याच गच्चीवर बाबांच्या पुस्तकाचं काम सुरू झालं. काका म्हणाले, पाहुण्याला जन्मभर पाहुणाच ठेवायचं का? मजकूर युनिकोडमध्ये आण. ते लॉक एक दिवस मरेल.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना एक गोष्ट दिसली, ती पाहून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. युनिकोड 'कि' लिहिताना आधी 'क' ठेवतं, मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं. जुना फाँट आधी वेलांटी ठेवतो, मग 'क'. रफाराचं उलट : 'अर्क' मध्ये युनिकोड 'र' आधी ठेवतं, जुना फाँट 'क' झाल्यावर वर रफार चढवतो. डोळ्यांना डावीकडून उजवीकडे जसं दिसतं तसं. बाबा ऱ्हस्व वेलांटीचा खिळा असाच अक्षराच्या आधी स्टिकमध्ये बसवायचे, मी लहानपणी पाहिलं आहे. त्या जुन्या फाँटमध्ये जुळाऱ्याचा हात शिल्लक होता. त्यांच्या ४१२ पानांत प्रत्येक वेलांटी छापखान्यातल्या जागी होती.

रूपांतर करणारा प्रोग्राम वेलांट्या बरोबर फिरवत होता. रफारही बहुतेक. फसत होता तो एका ठिकाणी, आणि ते ठिकाण बाबांच्या पुस्तकात पानोपानी होतं. अर्ध्या 'र'चं ते आडवं चिन्ह, 'दऱ्या' मधलं, 'सुऱ्या' मधलं. प्रोग्राम त्याचा रफार करून टाकायचा. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं की दऱ्यांचा समुद्र होतो. 'आचाऱ्यांना' वाढायचं ताट 'आचार्यांना' जातं. आणि बाबांच्या संग्रहाचं नावच वऱ्हाडी. 'वऱ्हाड', 'पऱ्हाटी', 'तऱ्हा', सगळ्यांच्या डोक्यावर रफार. नुसतं शोधा-बदला करून भागत नव्हतं, कारण 'कार्य', 'सूर्य', 'आर्या' यांतला रफार खरा होता. प्रत्येक जागा माणसानेच पाहायला हवी होती.

काकांनी ते काम मागून घेतलं. रोज वीस पानांच्या प्रिंट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोरीने तारेवरून पलीकडे सरकवायची, आणि संध्याकाळी लाल शाईच्या खुणांसह त्या परत यायच्या. त्यांचं आजोळ अकोल्याकडचं. समासात ते कधी लिहायचे, 'हा शब्द माझी आजी म्हणायची.' एकदा 'भेद्रं' या शब्दापाशी त्यांनी लिहिलं होतं की टमाट्याला हा शब्द त्यांनी ५० वर्षांनी वाचला. बाबांना इतक्या बारकाईने वाचणारा वाचक मिळाला, आणि तोही बाबांना न भेटलेला.

२०२२ मध्ये काका-काकू मुलाकडे पुण्याला गेले. काकांची मधली दृष्टी मंदावली आहे, पडदा आता त्यांना वाचता येत नाही. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी लाँगबुकाची उरलेली पानं मोजली आणि म्हणाले, पुरतील. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हर्च्युअलबॉक्स ७.० आलं. मी तीन महिने थांबले. मग पाहुणा शटडाऊन केला, डिस्कची पूर्ण प्रत घेतली, यजमान आणि पाहुणा दोन्ही रकान्यांत आकडे लिहिले आणि आवृत्ती बदलली. लॉक लुकलुकलं. काकांना फोन करून पाचही रकाने वाचून दाखवले. त्यांनी शेवटचा आकडा दोनदा वाचायला सांगितला.

बाबांचं पुस्तक आता पूर्ण युनिकोडमध्ये आहे. पहिले सहा फर्मे तपासून झाले, बाकीचे हातात आहेत. अर्पणपत्रिकेवर काकांचं नाव घालायला त्यांनी नकार दिला, त्यामुळे ते इथेही लिहिलेलं नाही.

विदर्भात अजून कितीतरी घरांत, बंद पडलेल्या छापखान्यांत, वाचनालयांच्या कपाटांत जुन्या मराठी फाँटमधलं काम सीडीवर आणि जुन्या डिस्कवर पडून आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो संगणक भंगारात देण्याआधी थांबावं. डिस्क काढून ठेवा, लॉक फेकू नका, फाँटचं आणि सॉफ्टवेअरचं नाव व आवृत्ती एका कागदावर लिहून त्याला चिकटवा. आणि प्रताप नगरात घेऊन या. माझ्याकडचं मशीन चालू आहे, आणि या कामाचे मी पैसे घेत नाही.